जादूची पुस्तके आणि ख्रिस्ती घर : एका आईच्या दोन प्रश्नांना उत्तर

आपली दहा वर्षांची मुलगी हॅरी पॉटर मालिकेचा तिसरा भाग वाचत आहे. प्रार्थना-गटातील काही भगिनींनी आपल्याला अनुवाद या पुस्तकाचा अठरावा अध्याय उघडून दाखवला आणि जादूच्या गोष्टी घरात ठेवणे म्हणजे सैतानाला वाव देणे आहे, असे सांगितले. ही पुस्तके मुलीच्या मिशन शाळेच्या ग्रंथालयातून काढून टाकावीत अशा अर्जावर त्यांनी आपली सहीही मागितली आहे. मुलीकडून पुस्तक काढून घ्यावे का, आणि अर्जावर सही करावी का, असे आपले दोन प्रश्न आहेत. मी आयुष्याचा मोठा भाग शाळेच्या ग्रंथालयात आणि मंडळीच्या संडे स्कूलमध्ये मुलांबरोबर वाचण्यात घालवला आहे. पवित्र शास्त्र मला प्रमाण आहे, त्यामुळे उत्तराची सुरुवात मी त्या अध्यायापासूनच करते.

तो अध्याय नीट वाचला तर मोशे तेथे कोणकोणत्या गोष्टी मोजतो ते दिसते. पोटच्या मुलांना अग्नीत होम करणे, शकुन पाहणे, चेटूक करणे, भुताखेतांना विचारणे, मृतांशी संधान बांधणे, या सगळ्या कृती आहेत आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच वासना आहे. जे ज्ञान आणि जे सामर्थ्य देवाने माणसाच्या हाती दिलेले नाही, ते त्याला वगळून, आडमार्गाने मिळवण्याची ती वासना होय. म्हणूनच त्याच अध्यायात पुढे लगेच संदेष्ट्याचे वचन येते: विचारायचे असेल तर कोणाला विचारावे, याचे उत्तर निषेधाला लागूनच दिलेले आहे. निषेध इतका स्पष्ट असूनही जादूटोण्याच्या कथा शास्त्राने स्वतः टाळलेल्या नाहीत. शौल राजा रात्री वेश पालटून एन-दोर येथील भूतविद्या जाणणाऱ्या स्त्रीकडे जातो, ती शमुवेलाला वर आणते, आणि ती सगळी भीषण रात्र पहिल्या शमुवेलाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात बारकाव्यांसह सांगितलेली आहे. फारोचे जादूगार आपल्या काठ्यांचे साप करतात. शोमरोनातील शिमोन पवित्र आत्म्याचे सामर्थ्य पैशाने विकत घेऊ पाहतो. या कथा आपण संडे स्कूलमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांना सांगतो, आणि त्या ऐकून मूल चेटूक करायला लागेल अशी भीती आपल्याला वाटत नाही. पाप कृतीत आहे, कथा ऐकण्यात नाही, हे आपण तेथे न सांगता मान्य केलेले असते.

प्रेषितांच्या कृत्यांतील इफिसचा प्रसंग या वादात हटकून पुढे येतो. तेथे विश्वास ठेवणाऱ्यांनी जादूची पुस्तके आणून सर्वांसमक्ष जाळली, आणि त्यांची किंमत ५०,००० रुपये, म्हणजे तितकी चांदीची नाणी, भरली असे लिहिले आहे. ३० डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथे एका मंडळीने हॅरी पॉटरच्या प्रती जाळल्या, तेव्हा अनेकांना हाच प्रसंग आठवला. पण जाळणारे इफिसकर स्वतः जादू करणारे होते, त्यांनी स्वतःची पुस्तके स्वतःच्या पश्चात्तापाने जाळली, आणि ती पुस्तके गोष्टींची नव्हती. मंत्र कसा म्हणावा आणि कोणते नाव कशासाठी उच्चारावे हे शिकवणाऱ्या त्या पोथ्या होत्या. दुसऱ्यांची मुले वाचतात ती गोष्टीची पुस्तके गोळा करून पेटवण्याशी त्या पश्चात्तापाची बरोबरी करणे मला त्या पश्चात्तापावरच अन्याय करणारे वाटते.

दानीएलाच्या पहिल्या अध्यायाकडे मात्र या चर्चेत कोणी वळत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. बंदिवासात नेलेल्या चार कोवळ्या मुलांना बाबेलच्या दरबारात तीन वर्षे खास्द्यांची विद्या आणि भाषा शिकवण्याची आज्ञा होते. त्या विद्येत काय काय होते ते उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरून आज माहीत आहे: ग्रहताऱ्यांवरून, बळी दिलेल्या जनावराच्या काळजावरून शकुन सांगणारे ग्रंथ त्यांत मोठ्या संख्येने आहेत. दानीएलाने नकार दिला तो राजाच्या अन्नाला आणि द्राक्षारसाला. ग्रंथांना त्याने नकार दिला नाही. उलट सर्व विद्येत त्यांना ज्ञान आणि कौशल्य देवाने दिले, असे सतरावे वचन सांगते. याच दानीएलाने पुढे राजासमोर उभे राहून, हे गूढ उकलणे माणसाच्या हातचे नाही, ते देवाच्या हातचे आहे, असे स्पष्ट सांगितले. परक्या विद्येत वाढलेले पण आपला देव ओळखणारे मूल कसे असते, याचे याहून ठळक उदाहरण मला शास्त्रात दुसरे सापडत नाही. मूल काय वाचते याइतकेच ते कोणाचे म्हणून वाढते आहे याला महत्त्व आहे, आणि हे दुसरे काम घरचे आणि मंडळीचे आहे.

घडलेच नाही ते रचून सांगणे हीच मुळात लबाडी नाही का, हा प्रश्नही जुना आहे. शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथाम गरिज्जीम डोंगरावर उभा राहून गोष्ट सांगतो: झाडे राजा शोधायला निघतात, जैतून नाही म्हणतो, अंजीर नाही म्हणतो, द्राक्षवेल नाही म्हणते आणि शेवटी काटेरी झुडूप राजा होते. झाडे बोलत नाहीत हे योथामाला ठाऊक होते. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टिनने असत्य भाषणाविरुद्ध जो ग्रंथ लिहिला त्यात नेमके हेच उदाहरण घेऊन अशी रचलेली गोष्ट खोट्यात मोडत नाही असे प्रतिपादन केले, आणि असत्याच्या बाबतीत ऑगस्टिनइतका कठोर दुसरा कोणी नसेल. बाराशे वर्षांनी, १६७८ साली, इंग्लंडमध्ये जॉन बन्यन याने एका यात्रेकरूची रूपककथा छापली, तेव्हा त्याच्या धर्मनिष्ठ मित्रांतील काहींनी ती छापू नये असा सल्ला दिला होता. बन्यनने आपल्या पद्यमय प्रस्तावनेत त्यांना उत्तर दिले आहे. त्या कथेत राक्षस आहे, खवलेधारी पिशाच आहे, मंतरलेली भूमी आहे. तीच कथा १८४१ साली हरि केशवजी यांनी ‘यात्रिक क्रमण’ या नावाने मराठीत आणली, आणि मराठी गद्य कथेच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत तिची गणना होते. आपल्या मराठी ख्रिस्ती वाचनाच्या उंबरठ्यावरच एक अद्भुतकथा उभी आहे, ही गोष्ट आपल्या प्रार्थना-गटाला सांगण्याजोगी आहे.

आता ज्या आक्षेपाला मी सर्वांत वजनदार मानते त्याकडे येते. कॅनडातील कॅथलिक लेखक मायकेल ओब्रायन यांनी तो मांडला आहे. अद्भुतकथा वाईट असते असे ते म्हणत नाहीत. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे टोल्किन आणि नार्निया या काल्पनिक जगाच्या कथा लिहिणारे सी. एस. लुईस या ख्रिस्ती लेखकांचा ते आदरच करतात. त्यांचे म्हणणे असे की जुन्या कथांत चिन्हे आपापल्या जागी होती: अजगर म्हणजे दुष्टाई, चेटकीण म्हणजे देवाविरुद्ध उभी राहिलेली शक्ती. नव्या बालसाहित्यात ही चिन्हे उलटवली जातात, मूल ज्याला भ्यायला हवे त्याच्यावर माया करायला शिकते, आणि त्याची नैतिक दृष्टी अधू होते. याला जोडूनच दुसरा मुद्दा येतो: टोल्किनचा जादूगार गॅन्डाल्फ हा मुळात मनुष्य नाही, तो मनुष्यरूपात पाठवलेला दूत आहे; लुईसच्या नार्नियात जादू त्या जगाची आहे; परंतु हॅरी पॉटरमध्ये आपल्यासारखी मुले शाळेत जाऊन मंत्र शिकतात.

हा भेद खरा आहे, पण तो वाटतो तितका सरळ नाही. लुईसच्या १९५२ च्या ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’मध्ये ल्यूसी ही आपल्याच जगातली मुलगी एका जादूगाराच्या घरी मंत्रांचे पुस्तक उघडते आणि त्यातले मंत्र म्हणते. सर्व मर्त्य स्त्रियांहून सुंदर करणारा मंत्र म्हणण्याचा तिला मोह होतो, आणि पानावर अस्लान या, नार्नियाचा खरा स्वामी असलेल्या सिंहाचा गुरगुरणारा चेहरा दिसल्यामुळेच ती थांबते. पुढच्या पानावर मैत्रिणी आपल्याविषयी काय बोलतात ते कळण्याचा मंत्र आहे. तो मात्र ती म्हणते, आणि जे ऐकू येते त्याने एक मैत्री कायमची नासते. नंतर अस्लान तिला समजावतो की जादूने चोरून ऐकणे हे इतर कोणत्याही प्रकारे चोरून ऐकण्यासारखेच आहे. तरीही त्याच पुस्तकातला अदृश्य गोष्टी दृश्य करणारा मंत्र म्हणण्यासाठीच तिला वर पाठवलेले होते, आणि तो म्हटल्यावर स्वतः अस्लानही दिसू लागतो. दहा वर्षांच्या मुलीबरोबर हा अध्याय मोठ्याने वाचून पाहावा, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. सामर्थ्य हातात आल्यावर ते कशासाठी वापरायचे, सुंदर दिसण्यासाठी, दुसऱ्याचे मन चोरून वाचण्यासाठी, की दिलेले काम पार पाडण्यासाठी, हा प्रश्न इतक्या थोड्या पानांत इतका स्पष्ट करणारे प्रवचन मी ऐकलेले नाही. आणि मंत्र काढून टाकले तर तो प्रश्नच उरत नाही.

माझे मुख्य म्हणणे याच उदाहरणात आहे. पुस्तकात जादू आहे की नाही हा प्रश्न आपल्याला फार दूर नेत नाही. त्या कथेत सामर्थ्य कोणाच्या इच्छेपुढे वाकते, त्याची किंमत कोण देतो, आणि ते टाकून देता येते का, हे विचारायला हवे. लुईसने १९४३ सालच्या आपल्या व्याख्यानांत म्हटले होते की जादू आणि निसर्गावर सत्ता गाजवू पाहणारे तंत्रज्ञान ही जुळी भावंडे आहेत, कारण वास्तवाला माणसाच्या इच्छेपुढे वाकवणे हाच दोघांचा ध्यास आहे, आणि जुने शहाणपण मात्र माणसाच्या आत्म्याला वास्तवाप्रमाणे घडवू पाहत असे. टोल्किनच्या कथेतील, सर्वांवर सत्ता गाजवण्यासाठी घडवलेली अंगठी म्हणजे हाच ध्यास आहे. ती चांगल्या हेतूनेही वापरता येत नाही, म्हणून ती नष्ट करावी लागते.

याच कसोटीवर हॅरी पॉटर तपासू. तेथील जादू ही उपजत क्षमता आहे. भुतांना किंवा आत्म्यांना बोलावून ती मिळवली जात नाही, आणि चार्ल्स कोल्सन यांच्यासारख्या अमेरिकेतील सनातनी ख्रिस्ती भाष्यकारानेही सुरुवातीलाच हे लक्षात घेऊन ती जादू यंत्रासारखी आहे, भूतविद्येसारखी नाही, असे म्हटले होते. भविष्यकथन शिकवणारी शिक्षिका बहुतेक वेळा हास्यास्पद दाखवली आहे. तिची मोजकी भाकिते खरी ठरतात हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण मालिकेचा कणा वेगळा आहे. खलनायक मृत्यूला भितो, म्हणून खून करून आपल्या आत्म्याचे तुकडे करतो आणि ते वस्तूंत लपवून ठेवतो. मराठी घरात वाढलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल: सात समुद्रांपलीकडे पिंजऱ्यातील पोपटात प्राण ठेवणारा राक्षस आपण सर्वांनी आजीकडून ऐकला आहे, आणि ख्रिस्ती आज्यांनीही तो सांगितला आहे. नायक याच्या नेमके उलट जातो. तो शस्त्र न उचलता, इतरांच्या रक्षणासाठी, मरण पत्करायला चालत जातो, आणि शेवटी सर्वांत बलवान कांडी हाती आली असता ती स्वतःसाठी ठेवत नाही. त्याच्या आईवडिलांच्या थडग्यावर कोरलेले वाक्य पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातले आहे, पंधराव्या अध्यायातले: शेवटचा शत्रू जो मृत्यू तो नाहीसा केला जाईल. मालिका ख्रिस्ती शिकवणीचे पुस्तक आहे असा माझा दावा नाही. परंतु सामर्थ्याच्या लोभाचे इतके सविस्तर आणि इतके भयावह चित्र मुलांसाठी फार थोड्या ठिकाणी रेखाटलेले आहे.

आणि तरीही या मालिकेत आक्षेपार्ह काही नाही असे मी म्हणणार नाही. सातव्या भागात एका शिक्षिकेचा अपमान झाला म्हणून नायक संतापाने, यातना देण्यासाठीच असलेला शाप एका माणसावर टाकतो, आणि ती सज्जन शिक्षिका त्याचे कौतुक करते. याच मालिकेने तो शाप आधी अक्षम्य ठरवलेला आहे. लेखिकेने तेथे आपल्याच कथेच्या विवेकाशी प्रतारणा केली, असे माझे स्पष्ट मत आहे. मुले मोठ्यांशी खोटे बोलतात आणि पुष्कळदा त्याबद्दल त्यांना बक्षीसच मिळते, हीही खरी त्रुटी आहे. मला खंत याची वाटते की आक्षेप घेणाऱ्यांचे सगळे लक्ष उडणाऱ्या झाडूंवर आणि कांड्यांवर खिळून राहते, आणि जेथे मुलाशी खरोखर बोलायला हवे ते पान न वाचलेले राहते. चौथ्या भागाविषयीही सावध करते: त्याच्या शेवटी एका मुलाचा खून होतो आणि दफनभूमीत हाड, मांस आणि रक्त यांचा एक विधी होतो. तो दुष्टांचाच विधी म्हणून दाखवलेला आहे, पण दहाव्या वर्षी एकटीने रात्री वाचण्यासारखा तो नाही.

मुले अनुकरण करतील ही भीती निराधार नाही, फक्त ती योग्य ठिकाणी ठेवायला हवी. हातात काठी घेऊन मंत्र ओरडणारे मूल खेळत असते, आणि आपण खेळत आहोत हे त्याला पक्के ठाऊक असते. मात्र वसतिगृहांत गंमत म्हणून प्लँचेट करणारी मोठी मुले मी पाहिली आहेत, आणि मोबाइलवर रोज सकाळी राशिभविष्य पाहून दिवस ठरवणारी ख्रिस्ती कुटुंबेही पाहिली आहेत. अनुवादाचा अठरावा अध्याय थेट बोलतो तो यांच्याशी. मंत्र-तोडगे शिकवणारी, खरोखर करून पाहा म्हणणारी पुस्तके मुलांसाठी छापली जातात. ती मी ग्रंथालयात घेत नाही आणि आपणही घरात घेऊ नयेत. आपल्या महाराष्ट्रात करणी आणि भानामतीच्या नावाखाली माणसांना छळले गेले आहे, त्यासाठी २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, म्हणून भगिनींची भीती केवळ परदेशातून आलेली आहे असे मी मानत नाही. पण त्या कायद्यानेही अघोरी कृत्यांना शिक्षा सांगितली आहे. आजीच्या गोष्टीतील चेटकिणीला नाही.

आता अर्जाविषयी. सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण पुस्तकाच्या गुणवत्तेपुरते नाही. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातील सीडरव्हिल येथे २००२ साली शाळा मंडळाने तीन विरुद्ध दोन मतांनी असा निर्णय केला की ही पुस्तके उघड्या मांडणीवर ठेवू नयेत आणि पालकांची लेखी संमती आणणाऱ्या मुलालाच द्यावीत. एका विद्यार्थिनीच्या आईवडिलांनी संमती दिलेली होती, तरीही त्यांनी दाद मागितली, कारण धोकादायक ठरवलेले पुस्तक मागून घेणाऱ्या मुलीकडे सगळे कसे पाहतील हे त्यांना कळत होते. २००३ साली संघीय न्यायालयाने पुस्तके पुन्हा खुल्या मांडणीवर ठेवण्याचा आदेश दिला. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे आणि खाजगी शाळेचे अधिकारही वेगळे आहेत, पण त्या आईवडिलांचे म्हणणे येथेही लागू पडते. आपल्या मुलीने काय वाचावे हे ठरवण्याचा आपला अधिकार पूर्ण आहे. शेजारच्या घरातील मुलाविषयी तो अधिकार त्याच्या आईवडिलांचा आहे.

शिवाय या बाबतीत श्रद्धावंतांचे एकमत कधीच नव्हते. २००३ सालीच कार्डिनल रात्झिंगर, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले, त्यांनी एका पत्रात या पुस्तकांतील सूक्ष्म मोहाविषयी चिंता व्यक्त केली होती, आणि त्याच वर्षी व्हॅटिकनच्या एका पत्रकार परिषदेत फादर पीटर फ्लीटवुड यांनी या पुस्तकांची बाजू घेतली होती. ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या इव्हँजेलिकल नियतकालिकाने जानेवारी २००० मध्ये संपादकीय लिहून त्यांचे स्वागत केले. जेथे असे मतभेद आहेत तेथे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा चौदावा अध्याय आपल्याला वाट दाखवतो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. भगिनींना हे वचन दाखवताना त्याचा पहिला भाग आपण स्वतःसाठी वाचावा. ज्या घरात ही पुस्तके नको आहेत त्या घराची टवाळी आपल्या मुलीने शाळेत करू नये, हे तिला आधीच सांगून ठेवा. अर्जाऐवजी शाळेकडे इतकेच मागता येईल की ज्या पालकांची हरकत आहे त्यांच्या मुलांना हे पुस्तक वर्गात सक्तीने नेमू नये, आणि अशा विनंतीवर मी स्वतः सही करीन.

मुलीकडून पुस्तक काढून घेऊ नका. तिसरा भाग तिला पूर्ण करू द्या. तो संपल्यावर एका संध्याकाळी तिला विचारा की ज्याने आपल्या आईवडिलांचा विश्वासघात केला त्याला हॅरीने मरू का दिले नाही, आणि ती काय म्हणते ते मध्ये न बोलता ऐका. चौथा भाग आपण स्वतः आधी वाचून ठेवा, आणि बाराव्या वर्षापर्यंत थांबावे असे वाटले तर तसे तिला कारणासह सांगा. दरम्यान ल्यूसीचे पुस्तक तिच्या हाती द्या.